मुकादमाला कोण काय चारतं

माझ्या थोरल्याला तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची खोड आहे. काही विचारावं तर एक 'हं' बाहेर पडतं, आणि तो हो म्हणाला की नाही म्हणाला ते आपणच ठरवायचं. लोक मला सांगतात, तुमचा मुलगा किती शांत हो. शांत कसला. शांत माणूस वेगळा आणि आतल्या आत दडवून ठेवणारा वेगळा. शांत माणसाजवळ बसलं की बरं वाटतं. ह्याच्याजवळ बसलं की वाटतं, आपण काहीतरी केलंय आणि हा सांगत नाहीये.

तरी हे मी इतकी वर्षं चालवून घेतलं होतं. कुत्र्याच्या दुखण्यात ते डोक्यावरून पाणी गेलं, म्हणून सांगते.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, दुकानामागे धुण्याची खोली, वर घर. आमच्या ह्यांनी सुरू केली, ते गेल्यावर मी चालवली, आणि आता थोरला चालवतो असं त्याला वाटतं. मी काउंटरच्या बाजूला उंच खुर्चीवर बसते आणि जाणाऱ्या प्रत्येक कपड्यावरून नजर फिरवते. शाळेत मी फार गेले नाही, पण कॉलरच्या आतला मळ मला दुकानाच्या दुसऱ्या टोकाकडून दिसतो. हॉटेलांच्या चादरी, टेबलक्लॉथ, ऑफिसवाल्यांचे शर्ट, नवरीचा पोशाख, सगळं आमच्याकडे येतं. थोरला गिऱ्हाइकाच्या हातात कपडे देताना पांढरे सुती हातमोजे घालतो. हे त्याने काही महिन्यांपूर्वी सुरू केलं, आता तर दिवसभर ते हातातच असतात आणि जेवायलाही तो आमच्यामागून बसतो. मला ते इतकं आवडलं की मी चार लोकांना मुद्दाम सांगितलं, बघा, आमच्याकडे कपड्याला माणसाचा हातसुद्धा लागत नाही.

कुत्र्याचं नाव मुकादम. पिल्लू होता तेव्हापासून इस्त्रीच्या टेबलाखाली बसतो आणि काम करणारं माणूस जागेवरून उठलं की भुंकतो. माझ्यानंतर ह्या दुकानात कामाची कदर असेल तर ती त्यालाच.

तर हा मुकादम पाणी प्यायला लागला. कुत्रं पाणी पितंच, पण हा वाटी चाटून पुसून लख्ख करायचा आणि मग धुण्याच्या खोलीत जाऊन बादलीत तोंड घालायचा. जेवढं आत जाणार तेवढं बाहेर येणार. आयुष्यात कधी ज्याने उंबऱ्याच्या आत पाय वर केला नाही, त्याने हॉटेलच्या धुतलेल्या टेबलक्लॉथच्या ढिगावर धार धरली. सगळा ढीग पुन्हा धुवावा लागला. मी त्याला झाडूने मारायला निघाले, तर तो माझ्याकडे असा ओशाळून बघत होता की झाडू खालीच राहिला.

मग भूक. बिस्किटांचा अख्खा डबा फस्त केला आणि त्यावर दात मोजून घ्यावेत इतकं झाकण चावलं. पोट सुटलं, पिंपासारखं. पाय मात्र काड्या. दोन्ही कुशींवरचे केस गेले, तेही असे मापात की कोणी वस्तरा फिरवल्यासारखे. पंखा डोक्यावर असला तरी जीभ बाहेर काढून धापा टाकायचा. आधी मी म्हटलं म्हातारा झाला. मग म्हटलं, नाही, सूनबाईचे लाड. सूनबाईच्या माहेरी दोन-दोन कुत्री होती, तिच्या हातून घास सुटायच्या आधी मुकादमाच्या तोंडात जायचा. मी तिला रोज ऐकवत होते की हा कुत्रा आहे, पाहुणा नाही, दर वेळी आग्रह करायची गरज नाही.

तीच त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे, मी नको म्हणत होते, तिने पट्टा बांधला, थोरल्याला सोबत घेतलं आणि चालायला लागली. मग मीही गेले. दुकान पहिल्यांदा दिवसाढवळ्या बंद झालं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण हात सरावाचे. तिने मुकादमाला टेबलावर उभं केलं, पोट चाचपलं, पाठीवरून बोटं फिरवली. मला म्हणाली, आजी, हा लठ्ठ नाहीये, ह्याचे स्नायू झडलेत आणि पोट लोंबतंय. मला आजी म्हणाली ते मी सोडून दिलं. पोटाचं कातडं तिने दोन बोटांत धरून उचललं, तर ते पतंगाच्या कागदासारखं आलं. आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. इतके दिवस मी त्याला खादाड म्हणत होते.

तिने समजावून सांगितलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन इवल्याशा ग्रंथी असतात, माणसालाही असतात. त्यातून रक्तात एक रस येतो, हार्मोन म्हणतात त्याला. तो प्रमाणात असला तर जनावर दुखण्यातून उठतं, संकट आलं तर धावतं. तो अति झाला की तहान अति, भूक अति, केस जातात, कातडं विरतं, अंगात दम राहत नाही. लोकांना वाटतं कुत्रं म्हातारं झालं, आणि तिथेच वेळ जातो, असं ती म्हणाली. मी तिच्याकडे न बघता मुकादमाकडे बघितलं. मला माझ्यापुरतं कळलं ते असं, की ह्याच्या आतला नळ वाहतोय आणि कोणी बंद करत नाहीये.

कधी त्या ग्रंथीतच गाठ असते, कधी डोक्यात वाटाण्याएवढी गाठ असते आणि ती तिथून हुकूम सोडते. दोन्हीला औषध आहे, पण आधी नक्की काय ते बघू, असं म्हणून तिने विचारलं, ह्याला किंवा घरात कोणाला स्टेरॉइडचं काही चालू आहे का. गोळी, कानातले थेंब, डोळ्यातले थेंब, खाजेवरचं मलम, काहीही.

मी कोणाला बोलू दिलं नाही. मी म्हटलं, "आमची लाँड्री आहे बाई. लोकांच्या अंगाला लागणारे कपडे आमच्या हातून जातात. आमच्या घरात खाज कोणाला नाही."

सूनबाईने थोरल्याकडे बघितलं. थोरला वजनकाट्याकडे बघत होता. ती नजर मी टिपली. पण मी तिचा अर्थ लावला तो भलताच.

मुकादमाचं रक्त काढलं, एक इंजेक्शन दिलं, आम्हाला बाकावर बसवलं आणि मग पुन्हा रक्त काढलं. ते इंजेक्शन म्हणजे ग्रंथींना मारलेली हाक होती म्हणे. हाकेला त्या किती ओ देतात ते दुसऱ्या रक्तात कळतं.

निकाल आल्यावर तिने आम्हाला बोलावून घेतलं आणि दार लोटून बसवलं. आमच्या ह्यांच्या वेळीही डॉक्टरने असंच दार लोटलं होतं. पण ती म्हणाली की तिला वाटलं होतं त्याच्या उलट निघालंय. ग्रंथी जास्त काम करत नाहीयेत. त्या गाढ झोपल्यात. इंजेक्शनने डिवचलं तरी उठल्या नाहीत.

मग हा फुगलाय कशाने, मी विचारलं.

"बाहेरून मिळतंय त्याला," ती म्हणाली. "बाहेरून इतकं मिळतंय की आतल्या ग्रंथींनी काम सोडून दिलंय. घरात शोधा. पण सापडलं तर आधी मला सांगा, एकदम तोडू नका. आतून येत नाहीये आणि बाहेरूनही थांबलं, तर त्याच्या अंगात काहीच राहणार नाही. खाणं सोडलं, उलटी झाली, थरथरायला लागला, तर विचार करत बसू नका, उचलून आणा."

घरी परत येताना मी डोक्यात हिशेब जुळवत होते. मागे मुकादमाचा कान सुजला होता तेव्हा सूनबाईने तिच्या बहिणीकडून कुठलेसे थेंब आणले होते. कुत्र्याला खायला ती घालते. डॉक्टरने विचारलं तेव्हा कावरीबावरी ती झाली. आणखी काय पाहिजे? दुकान उघडलं, सूनबाई इस्त्रीला उभी राहिली, आणि मी तिला धारेवर धरलं. मी म्हटलं, तुझ्या माहेरची कुत्री औषधावर वाढतात का? थेंब चांगले म्हणून अजून घालतेस की काय? आमच्या भोळ्या जनावराला मारून तुझ्या बहिणीच्या अकलेला बक्षीस द्यायचंय का? आणखीही बोलले. मी बोलायला लागले की मधे थांबे नसतात, हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे.

तिने इस्त्री उभी करून ठेवली. ती म्हणाली की थेंब कधीच संपले, बाटलीसुद्धा फेकली, आणि मी त्याला काही देत नाही. मग थोरल्याकडे बोट न दाखवता, नुसती मान वळवून म्हणाली, "यांना विचारा, आई."

मी त्याला विचारलं. तो शर्टाची कॉलर दाबत होता. "ती कशाला देईल," एवढं म्हणाला आणि दुसरा शर्ट घेतला. मी म्हटलं, मग कोण देतंय, इस्त्री देतेय? त्यावर नेहमीचं 'हं'.

हे असं बरेच दिवस चाललं. सकाळी दुकान उघडताना मी सूनबाईला बोलायचे, जेवताना बोलायचे, गिऱ्हाईक नसलं की बोलायचे. ती ऐकून घ्यायची. एकदा तिचे डोळे भरले तेव्हा तिने वाफेच्या इस्त्रीवर वाकून घेतलं, म्हणजे वाफेने पाणी आलं असं दिसावं. मला दिसलं. थोरल्यालाही दिसलं. तो कॉलरी दाबत राहिला.

शेवटी मी ठरवलं, संशय नको, पुरावा पाहिजे. मुकादमाला मी वर माझ्या खोलीत आणला आणि खाटेच्या पायाला बांधला. त्याचा भात मी शिजवणार, कोंबडी मी उकडणार, वाटी मी भरणार, फिरायला मी नेणार. डॉक्टरीणबाई तोडू नका म्हणाली होती, पण मला काही सापडलंच नव्हतं तर मी तोडणार काय? मी फक्त पहारा लावला. दुकानाचं शटर खाली आलं की तो जिन्याकडे तोंड करून कुईकुई करायचा, दोरी ताणायचा. मी म्हटलं, लागेल सवय.

आणि खरंच त्याचं पाणी कमी झालं. मी रिकामी न झालेली वाटी उचलून सूनबाईला दाखवायला खाली गेले. म्हटलं, बघ, माझ्या हातचं खायला लागला आणि तहान पळाली. ती वाटीकडे बघून म्हणाली, चांगलं झालं आई. एवढंच.

मग भूकही कमी झाली. मी म्हटलं, आता माणसासारखं खातोय. मग कोंबडीला नुसतं हुंगून तोंड फिरवलं. मुकादमाने कोंबडीला तोंड फिरवलं, तेव्हा मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळा फेस ओकला. मी पुसायला वाकले तर त्याच्या मागच्या पायांना कापरं भरलं होतं. उठायला गेला आणि तसाच बसला, मग आडवा झाला. कान हातात घेतला तर गार. मी जिन्यावरून अशी ओरडले की खाली एक गिऱ्हाईक कपडे न घेता पळालं.

थोरल्याने त्याला चादरीत गुंडाळून छातीशी धरलं आणि धावला. आम्ही दोघी मागे. सूनबाईने माझा दंड धरला होता. मी तो काढून घेतला नाही.

डॉक्टरीणबाईने मुकादमाचा ओठ वर केला, हिरड्या बघितल्या, आणि तिचा चेहरा बदलला. पायाला सलाईन लागलं. काय बदललं, तिने विचारलं, खाणं, जागा, माणूस, काय? मी सांगितलं. काही बदललं नाही, उलट आता मीच त्याचं सगळं करते, वर माझ्या खोलीत असतो, कोणी त्याला हातसुद्धा लावत नाही.

ती म्हणाली, "म्हणजे ते देणारं तुमच्या खोलीत येत नाही. खाली आहे. काय होतं ते मला आत्ता सांगा. कसलं औषध, किती जोराचं, किती काळ मिळत होतं. त्यावर पुढचं सगळं आहे."

मी सूनबाईकडे वळले. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात थोरल्याने हातमोजा काढायला सुरुवात केली.

तो सहज निघाला नाही. बोटांना चिकटला होता. त्याने दातांनी टोक धरून ओढला, मग दुसरा. मी ते हात कितीतरी महिन्यांत बघितले नव्हते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या पोटच्या पोराचे हात. पेरांवर भेगा, काही सुकलेल्या, काही ओल्या. नखांच्या कडा सुजून लाल. आणि भेगा नव्हत्या तिथे कातडं चकचकीत, पातळ, आतल्या शिरा दिसत होत्या. डाग काढायच्या द्रवाने आणि सोड्याने खाल्लेले हात.

"मी देत होतो," तो म्हणाला. "म्हणजे देत नव्हतो, पण माझ्यामुळेच. मलम लावतो मी. दुकान बंद झालं की मागच्या खोलीत बसतो, मोजे काढतो, मलम लावतो. आग होते फार. मुकादम येतो आणि हात चाटतो. त्याच्या जिभेने बरं वाटतं, म्हणून मी चाटू देतो. मग पुन्हा लावतो. तो पुन्हा चाटतो. रोजचं आहे ते."

एवढं सलग बोलताना मी त्याला त्याच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईने आधी मुकादमाला इंजेक्शन दिलं. मग थोरल्याकडून मलमाची ट्यूब मागून घेतली. त्याने ती पँटच्या खिशातून काढली, शेपटीकडून गुंडाळत आणलेली. ती वाचून म्हणाली की हे ह्या जातीतलं सगळ्यात जोराचं मलम आहे, कोणी लिहून दिलं? कोणी नाही. औषधाच्या दुकानात मागितलं, आधी साधं घेतलं, ते लागू पडेनासं झालं, मग त्यांनी हे दिलं. तिने थोरल्याचा हात पालथा केला आणि पाठचं कातडं दोन बोटांत धरून उचललं. मुकादमाच्या पोटाचं धरलं होतं तसंच. आलंही तसंच.

ती त्याला म्हणाली की कुत्र्याला जे झालं तेच तुमच्या हातांना होतंय, फक्त तुमचं कातड्यापुरतं राहिलंय असं दिसतंय. तुम्हीही हे एका दिवसात फेकू नका, उद्या त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि ते सांगतील तसं करा. मग विचारलं, पहिल्यांदा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

त्या दिवशी आम्ही तिथेच बसून राहिलो. सलाईनचं थेंबथेंब पाणी नळीतून उतरत होतं आणि मुकादम चादरीत चपटा पडला होता, इतका की पोटही दिसेना. मी आयुष्यात कुत्र्याशी लाडीगोडी केली नाही. पण त्या दिवशी मी त्याला म्हटलं, ऊठ रे बाबा, दुकानात सगळे नुसते बसलेत. ऊन भिंतीवरून खाली आलं तेव्हा त्याने डोकं उचललं आणि थोरल्याच्या मांडीवर ठेवलं. थोरल्याने दोन्ही हात वर, कानांच्या बाजूला धरले, चाटू नये म्हणून. पोलिसांनी पकडल्यासारखा बसला होता. माझा जीव भांड्यात पडला, पण मी हसू दाबलं, कारण हसले असते तर पुढचं सगळं बोलायचं राहिलं असतं.

इलाज असा ठरला. जे औषध चुकून जास्त जात होतं, तेच आता मापात द्यायचं, बारीकशी गोळी, सकाळच्या खाण्याबरोबर. मग ती हळूहळू कमी करत न्यायची, महिने लागतील. झोपलेल्या ग्रंथींना एकदम उठवता येत नाही, त्यांची गरज पडतेय हे त्यांना थोडं थोडं कळू द्यायचं. मधून मधून रक्त तपासायचं. त्या काळात गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि आजारी पडला, घाबरला तर डॉक्टरला विचारून जास्त द्यायची. मी विचारलं, बरा होईल का. ती म्हणाली, ग्रंथीत गाठ नाही, डोक्यात गाठ नाही, आजी, हे सगळ्यात चांगलं निघालं. केससुद्धा येतील.

त्या वेळी तिने आजी म्हटलेलं मला आवडलं.

सूनबाईला मी घरी आल्यावर विचारलं, तुला हातांचं माहीत होतं ना? बायको आहेस, नसेल कसं. ती म्हणाली, होतं. मलमाने कुत्र्याला असं होतं हे माहीत नव्हतं. डॉक्टरांनी मलमाचं नाव काढलं तेव्हा शंका आली, म्हणून मी यांच्याकडे बघितलं. वर गेल्यावर विचारलंही. मला म्हणाले, एवढ्याशा मलमाने काय होतंय. मग मी थांबले. आज बोलतील, उद्या बोलतील.

मी म्हटलं, आणि तू का नाही बोललीस? माझी बोलणी तरी चुकली असती.

ती भांडी पुसत होती. ती म्हणाली, "त्यांना त्या हातांची लाज वाटते, आई. रात्री मलाही धरू देत नाहीत. ते मी तुम्हाला सांगायचं नव्हतं, त्यांनी सांगायचं होतं."

मी म्हटलं, तू मूर्ख आहेस. मग तिचा गार झालेला चहा उचलला, गरम केला आणि तिच्या हातात आणून दिला. माफी मागायची मला सवय नाही आणि ह्या वयात नवी सवय लागायची नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानात टेबलक्लॉथ पाठवणाऱ्या हॉटेलच्या बाईने मुकादमाची चौकशी केली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं की ते आमच्या सूनबाईला विचारा, तिने वेळेवर डॉक्टर गाठला म्हणून हा वाचला, मी तर नको म्हणत होते. सूनबाईच्या हातातली इस्त्री क्षणभर थांबली. कपडा जळेल, मी म्हटलं.

थोरल्याशी मात्र मी बोलले नाही. त्वचेच्या डॉक्टरने त्याला वेगळं मलम दिलं, जुनं कसं सोडायचं ते सांगितलं, लावल्यावर वरून सुती पट्टी बांधायची, द्रवात हात घालताना आत सुती आणि बाहेर रबरी मोजा, आणि डाग काढायचं काम काही काळ दुसऱ्याने करायचं. डाग काढायचं काम मी घेतलं. गिऱ्हाइकांनी पट्ट्या बघितल्या, विचारलं, त्याने सांगितलं. कोणी कपडे परत नेले नाहीत. एका बाईने तर स्वतःचे हात दाखवले आणि दोघं काउंटरवर हातावर हात ठेवून बघत बसले, मागे रांग.

मुकादमाच्या कुशींवर आधी मखमलीसारखी लव आली, जरा काळपट. पोट अजून होतं, पण पिंपाचं मडकं झालं होतं. बादलीत तोंड घालायचं सोडलं. एक दिवस सूनबाई चहाला उठली तर तो टेबलाखालून तिच्यावर भुंकला. आवाज फाटका होता, पण भुंकला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की थोरला मागच्या खोलीतून बघायला आला, काय झालं म्हणून. आम्हाला हसताना बघून परत गेला.

तेव्हा मला वाटलं, थोरल्याशी धरलेला अबोला आता पुरे. शटर खाली आल्यावर मी मागच्या खोलीत गेले. तो स्टुलावर बसला होता, पट्ट्या बांधलेले हात मांडीवर. मुकादम त्याच्या पायावर हनुवटी ठेवून पडला होता. मी उभी राहिले. तो म्हणाला, आई, मला वाटलं गिऱ्हाईक तुटेल. तूच नेहमी म्हणतेस की आमच्याकडे कपड्याला हात लागत नाही, डॉक्टरांसमोरही तूच म्हणालीस की आमच्या घरात...

मी काय म्हणते ते मला माहीत आहे, मी म्हटलं. त्याने मान खाली घातली. मी त्याला मान वर करायला लावली आणि जे मनात होतं ते सगळं सांगून टाकलं.

"हात लपवलेस, त्याचं मला काही नाही. माझ्यासारखी बाई खुर्चीवर बसून पहारा देत असेल तर कोणीही लपवेल. कुत्र्याला बाधेल हे तुला माहीत नव्हतं, आणि वेळ आली तेव्हा तू मोजे काढलेस, तेही मी बघितलं. पण कुत्रं मरायला टेकलं तेव्हा काढलेस. तुझी बायको तुझ्या डोळ्यांसमोर रोज माझं बोलणं खात होती, तेव्हा नाही काढलेस. मी बोलले ते माझं मी तिच्याशी निस्तरते आहे. तू गप्प बसलास ते तुझं. त्यात तू चुकलास, आणि नुसता चुकला नाहीस, वाईट वागलास. आता मला काही सांगू नकोस. वर जा, ती एकटी बसलीय, तिच्यासमोर बस आणि हेच सगळं तिला तुझ्या तोंडाने सांग. आज तिने ऐकून नाही घेतलं तर उद्या पुन्हा सांग."